तान्ह्या बाळासोबतची पहिली सुट्टी: बेत आखण्यापासून घरी पुन्हा रुळेपर्यंत

बाळाला घेऊन सुट्टीला जायचं ठरलं की घरातली चर्चा दोनच प्रश्नांभोवती फिरते: जायचं कुठे आणि न्यायचं काय काय. परत आल्यावरच्या तीन-चार दिवसांचा विषय सहसा कुणी काढत नाही. खरी दमछाक मात्र तेव्हाच होते. कपड्यांचा ढीग, रिकामा फ्रिज, रात्री दोन वाजता टक्क जागं होऊन खेळायला लागलेलं बाळ, आणि सकाळी कामावर हजर व्हायचं. म्हणून इथे बेत उलट्या टोकाकडून आखलाय: आधी परतीचं बघू, मग बाकीचं. सगळ्या सूचना साधारण वर्षाच्या आतल्या बाळासाठी आहेत.

पायरी १: आधी परतीचा दिवस ठरवा

रजा मोजताना घरी पोचल्यानंतरचा किमान एक पूर्ण दिवस सुट्टीतच धरा. दुसऱ्या देशातून, म्हणजे वेगळ्या घड्याळातून परतणार असाल तर दोन-तीन दिवस. शरीराला साधारण एका तासाच्या फरकामागे एक दिवस लागतो असा ठोकताळा आहे, आणि पूर्वेकडे प्रवास केला तर रुळायला जास्त वेळ लागतो. रजा कमी असेल तर तिथला मुक्काम एका दिवसाने कमी करा. हा मधला दिवस कापू नका. शक्य असेल तर दुपारपर्यंत घरी पोचेल असाच परतीचा प्रवास निवडा. मध्यरात्री पोचणारं तिकीट स्वस्त पडतं, पण ते कुणासाठी स्वस्त, हे बाळ दुसऱ्या दिवशी दाखवून देतं.

निघण्याच्या आदल्या दिवशी पुढची कामं उरका, ती सगळी परतीसाठीच आहेत. बाळाच्या अंथरुणाला धुतलेली चादर घाला. डायपरचं एक न फोडलेलं पाकीट आणि बाळ फॉर्म्युला पीत असेल तर त्याचा एक डबा घरात मागे ठेवा. स्वतःसाठी एका वेळचं जेवण फ्रीझरमध्ये टाका. बादल्या, कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलरची टाकी रिकामी करून कोरडी करा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला त्याला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणजे नेमकी तुमच्या सुट्टीएवढी मुदत.

पायरी २: कधी न्यायचं आणि कुठे

पहिल्या आठवड्यात विमानप्रवास नको. बाळ वेळेआधी जन्मलं असेल, हृदयाचा किंवा फुप्फुसांचा त्रास असेल तर डॉक्टरांनी मोकळीक दिल्याशिवाय तिकीट काढूच नका. विमानाच्या केबिनमधली हवा साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते. पहिले तीन महिने आणखी एका कारणाने जपायचे: या वयात १००.४ अंश फॅरनहाइट (३८ अंश सेल्सियस) किंवा त्याहून जास्त ताप आला तर घरगुती उपाय करत बसायचं नसतं, लगेच दवाखाना गाठायचा असतो. अनोळखी गावात हे जड जातं.

माझ्या मते चौथा ते सहावा महिना सुट्टीसाठी सगळ्यात सोपा. बाळ ठेवलं तिथे राहतं, निव्वळ दुधावर असतं, आणि कुणाच्याही कडेवर हसतं. आठव्या-नवव्या महिन्यात चित्र पालटतं. रांगणं सुरू होतं, परका चेहरा दिसला की रडू येतं, आई नजरेआड झाली की आकांत. या वयात जाऊच नये असं नाही, पण तेव्हा तीन गावांची सहल न करता एकाच ठिकाणी मुक्काम टाका.

ठिकाण निवडताना निसर्गाच्या आधी अंतर बघा: चोवीस तास उघडं असलेलं, लहान मुलांना बघणारं रुग्णालय किती दूर आहे? उंच डोंगराळ भागात २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो, आणि बाळाला ‘डोकं दुखतंय’ हे सांगता येत नाही. चिडचिड, दूध नको म्हणणं, उलटी, झोप उडणं ही त्याची लक्षणं. तशी शंका आली तर आणखी वर न जाता खाली उतरायचं. मलेरियाच्या भागात जाणं टाळता येत असेल तर टाळा. लहान बाळात हा आजार फार झपाट्याने गंभीर होतो.

लसीकरणाचं डॉक्टरांशी निघण्याआधी चार ते सहा आठवडे बोला. गोवराची साथ असलेल्या भागात किंवा परदेशी जायचं असेल तर सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला कधी कधी गोवराचा एक डोस लवकर देतात. तो जादाचा असतो, नेहमीच्या वेळापत्रकातले डोस पुढे द्यावेच लागतात.

पायरी ३: कागदपत्रं

परदेशी जायचं तर तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो, आणि जिथे व्हिसा लागतो तिथे तोही. विमानात दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसू शकतं, तरी त्याचं नाव तिकिटावर हवंच. आई-बाबांपैकी एकटंच कुणी बाळाला परदेशी नेत असेल तर दुसऱ्याचं लेखी संमतिपत्र जवळ ठेवा. लसीकरण कार्डाचा आणि बाळाच्या जन्मदाखल्याचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये असू द्या. इतकं पुरतं.

पायरी ४: सामान

बॅगा दोन प्रकारच्या समजा: एक प्रवासात खांद्यावर राहणारी आणि दुसरी मुक्कामी पोचल्यावरच उघडायची. सगळी अक्कल पहिल्या बॅगेत वापरायची. डायपर किती? प्रवासाच्या एकूण तासांना दोनाने भागा आणि वर तीन-चार धरा, कारण गाडी-विमान उशिरा सुटतंच. बाळाचे दोन जोड, आणि हे हमखास विसरलं जातं: तुम्हा दोघांचा एकेक शर्ट किंवा कुर्ता. बाळाने ओकलेल्या कपड्यांवर पाच तास बसण्याची वेळ येते तेव्हा त्याची किंमत कळते. ओले कपडे कोंबायला घट्ट बंद होणाऱ्या पिशव्या, एक सुती दुपटं, हात पुसायला ओले रुमाल. दुपट्याचे उपयोग मोजू नयेत. पांघरूण, आडोसा, चटई, टॉवेल सगळं तेच.

औषधांचा डबा आटोपशीर असू द्या. थर्मामीटर, ओआरएसची पाकिटं, डायपरच्या जागी लावायचं मलम, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं पॅरासिटामॉल. पॅरासिटामॉलची मात्रा वजनावर ठरते, तेव्हा निघण्याआधी बाळाचं वजन करून घ्या आणि किती मिली द्यायचं ते डॉक्टरांकडून बाटलीवरच लिहून घ्या. इथे एक धोका आहे. थेंबांच्या स्वरूपातलं औषध सिरपपेक्षा बऱ्याच पटींनी तीव्र असू शकतं. परगावी दुसरीच बाटली घेतली आणि जुन्याच मापाने दिली तर मात्रा भलतीच होते. म्हणून आपली बाटली आणि तिच्यासोबत आलेलं ड्रॉपर असंच न्या. सर्दी-खोकल्याची तयार मिश्रणं एवढ्या लहान बाळाला देऊ नयेत, ॲस्पिरिन तर नाहीच. आणि खोकला आला म्हणून कुणी मायेने मधाचं बोट चाटवायला पुढे आलं तर थांबवा. वर्षाच्या आत मध नको. त्यातल्या जिवाणूंच्या बीजांमुळे बाळाला बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो.

खेळण्यांची पिशवी घरी राहिली तरी चालेल. बाळाला रिकामी प्लास्टिकची बाटली आणि हॉटेलच्या खोलीतला चमचा तुमच्या महागड्या खुळखुळ्याइतकेच आवडतात.

पायरी ५: प्रत्यक्ष प्रवास

गाडीने जाणार असाल तर बाळाचं खास आसन (कार सीट) हा ऐच्छिक विषय नाही. बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूकडे येईल असं आसन मागच्या सीटवर पक्कं बसवा. समोर एअरबॅग चालू असेल तर त्या सीटवर असं आसन कधीही लावू नका, एअरबॅग उघडताना त्याच आसनावर आदळते. पट्ट्याखाली जाड स्वेटर नको, पट्टा सैल राहतो. आधी पट्टा लावा, मग वरून पांघरूण घाला. दर दोन तासांनी थांबून बाळाला आसनातून बाहेर काढा, आडवं करा, पाजा. बसलेल्या स्थितीत मान पुढे झुकते आणि श्वासाला अडथळा येऊ शकतो, म्हणून मुक्कामी पोचल्यावर ‘झोपलंय तर राहू दे’ म्हणत बाळाला त्याच आसनात ठेवायचं नाही. आणि बंद गाडीत दोन मिनिटंसुद्धा एकटं नाही. उन्हात गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहा-अकरा अंश सेल्सियसने वाढतं.

विमानात कानाचा त्रास मुख्यतः उतरताना होतो. गिळण्याच्या क्रियेने कानातली नळी उघडते आणि दाब सारखा होतो, म्हणून विमान खाली यायला लागलं की पाजायला घ्या. त्यासाठी आधीचं पाजणं थोडं लांबवावं लागतं, तेव्हा किती वाजता उतरायला सुरुवात होणार हे कर्मचाऱ्यांना विचारून ठेवा. बाळाला जोराची सर्दी किंवा कानदुखी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

रेल्वे आणि बसमध्ये तुलनेने काही विशेष नाही. खालचा बर्थ घ्या, बाळाला आतल्या बाजूला ठेवा, दारापासून लांब बसा.

प्रवासात बाळ रडलं की सहप्रवासी बघतात. बघू द्या. माफी मागत फिरण्यात जी शक्ती जाते ती बाळाला उचलून दोन फेऱ्या मारण्यात खर्च करा.

पायरी ६: दुधाचं गणित

अंगावर पिणाऱ्या बाळाची सुट्टी सगळ्यात सुटसुटीत असते. सहा महिन्यांच्या आत, कितीही उकाडा असला तरी वरचं पाणी लागत नाही. फक्त जास्त वेळा पाजावं लागतं. आईने मात्र स्वतःची बाटली सतत भरलेली ठेवावी, आणि ती भरायचं काम बाबांचं. काढून ठेवलेलं आईचं दूध साधारण २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं, बर्फाच्या पॅकसह बंद थंड पेटीत चोवीस तास, फ्रिजमध्ये चार दिवस. तोंड लावलेली बाटली दोन तासांत संपवायची नाहीतर ओतून द्यायची.

फॉर्म्युल्याच्या बाबतीत एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: डब्यातली पावडर निर्जंतुक नसते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना ती किमान ७० अंश सेल्सियसच्या पाण्यात मिसळायला सांगते. पाणी उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत वापरलं की ते तेवढं गरम असतं. दूध तयार झालं की बाटली गार पाण्यात धरून कोमट करा आणि मनगटावर थेंब टाकून बघा. प्रवासात उकळतं पाणी चांगल्या थर्मासमध्ये आणि मोजलेली पावडर वेगळ्या कोरड्या डबीत न्या, ऐन वेळी मिसळा. तयार दूध खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. चमचे मोजण्यात काटकसर किंवा उदारपणा दोन्ही नको. पातळ दुधाने पोषण कमी पडतं, घट्ट दुधाने पाणी.

वरचं खाणारं बाळ असेल तर सुट्टीत नवे पदार्थ सुरू करू नका. अंगावर पुरळ आलं तर ते नव्या अन्नाने, हॉटेलच्या साबणाने की डासाने, याचा छडा लावत बसाल. केळं हे प्रवासाचं उत्तम खाणं, वेष्टनासकट येतं.

पायरी ७: झोप, ऊन आणि डास

मुक्कामी पोचल्यावर सामान उघडायच्या आधी खोलीत बाळ झोपणार कुठे ते ठरवा. हॉटेलची गादी मऊ, उशा गुबगुबीत, रजई जड: आपल्याला सुख, बाळाला धोका. बाळाने तुमच्याच खोलीत, पण स्वतःच्या सपाट, टणक पृष्ठभागावर, पाठीवर झोपावं, आजूबाजूला उशी, लोड, मऊ खेळणी काही नको. पाळणा मिळेल का हे आरक्षण करतानाच विचारा आणि मिळाला की दांड्या, खटके, गादी आणि कडा यांतली फट हाताने तपासा. सोफ्यावर बाळाला छातीशी घेऊन डुलकी काढणं सगळ्यात धोक्याचं, आणि दमलेल्या माणसाकडून हेच होतं.

दिवसाचा बेत बाळाच्या झोपेभोवती बांधा. सकाळी एक ठिकाण, दुपारी खोलीत विश्रांती, संध्याकाळी फेरफटका. दिवसाला एकापेक्षा जास्त ठिकाणं बघायचा हट्ट धरला की एकही धड बघून होत नाही. रात्रीची झोपायची पद्धत मात्र घरचीच ठेवा: तीच आंघोळ, तेच गाणं, तोच क्रम. वेळ तासाभराने हलली तर चालेल, क्रम हलवू नका. परतीनंतर हाच क्रम कामाला येतो.

सहा महिन्यांखालच्या बाळाला थेट उन्हात न्यायचं नाही. सावली, टोपी, अंगभर सुती कपडे. त्यानंतर उघड्या अंगाला ३० किंवा त्याहून जास्त एसपीएफचं सनस्क्रीन चालतं. बाबागाडीवर ऊन लागू नये म्हणून लोक दुपटं टाकतात, पण त्याने आतली हवा कोंडून गाडी तापते. छत्री लावा. डासांसाठी मच्छरदाणी सर्वांत भरवशाची. अंगाला लावायचं डीट (डास पळवणारं रसायन) असलेलं औषध दोन महिन्यांखाली वापरू नये, त्यानंतरही हातांना, डोळ्यांजवळ, तोंडाजवळ लावू नये. लिंबाचा वास असलेल्या निलगिरीचं तेल ‘नैसर्गिक’ म्हणून विकलं जातं, तेही तीन वर्षांखालच्या मुलांना वर्ज्य.

पायरी ८: तिकडे आजारी पडलं तर

जुलाब हा सुट्टीतला नेहमीचा पाहुणा. अंगावरचं दूध चालूच ठेवा, जास्त वेळा द्या. ओआरएसचं अख्खं पाकीट त्यावर छापलेल्या मापाच्याच स्वच्छ पाण्यात विरघळवा, अर्धं पाकीट अंदाजे पाण्यात नाही, वर साखरही नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून आणखी सावकाश. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या.

शीतून रक्त, टाळू किंवा डोळे खोल गेलेले, रडताना अश्रू नाहीत, सहा ते आठ तासांत लघवी नाही, बाळ मलूल, उठवूनही दूध घेत नाही, श्वास भराभर चालतोय किंवा छाती आत ओढली जातेय: यातलं एकही दिसलं तर सहल तिथेच थांबवून रुग्णालय गाठा. बाळाच्या पाण्याचा हिशेब ओल्या डायपरवरून लागतो. दूध नीट मिळत असलेल्या तान्ह्या बाळाचे दिवसाला साधारण सहा तरी होतात.

पायरी ९: घरी आल्यावरचे पहिले दोन तास

दार उघडल्यावर बाळ एकाच्या कडेवर, दुसऱ्याने कामाला लागायचं. खिडक्या उघडा, बरेच दिवस बंद असलेले नळ काही मिनिटं वाहू द्या, पिण्याचं पाणी ताजं भरा. बॅगा पलंगावर ठेवू नका. हॉटेलातून ढेकूण येतात ते शिवणीत लपूनच. बॅग बाथरूममध्ये किंवा फरशीवर उघडा आणि कपडे सरळ गरम पाण्याच्या धुण्यात टाका. बाळाची औषधं, कपडे, बाटल्या बाहेर निघाल्या की बाकीच्या बॅगा उद्यावर ढकलल्या तरी काही बिघडत नाही.

मग जमिनीवर बसा, बाळाच्या उंचीला. दोन आठवड्यांत तान्ह्या मुलात इतका फरक पडतो की घर तेच असलं तरी त्यातलं बाळ वेगळं असतं. जाताना कुशीवर वळणारं आता सरपटतंय, धरून उभं राहू पाहतंय. खालचे प्लग, लोंबणाऱ्या वायरी, टेबलक्लॉथची टोकं, पुसायच्या औषधांची बाटली, सगळं नव्याने बघा. पाळण्याची गादी वरच्या पातळीवर असेल तर खाली करा.

पायरी १०: पुढचे आठ-दहा दिवस

घरी आल्यावर बाळ जास्त रडतं, हे जवळपास ठरलेलं. सुट्टीत आई-बाबा दिवसभर समोर होते, नातेवाईक असतील तर बाळ खाली टेकलंच नव्हतं. आता एकदम कडेवरची जागा गेली, त्यात कुणी कामावर निघालं. एकदम तोडू नका. पहिले दोन दिवस घेऊनच फिरा, तिसऱ्या दिवसापासून जमिनीवर बाळाशेजारी बसून खेळा, मग हळूहळू अंतर वाढवा. बाहेर जाताना गुपचूप सटकण्यापेक्षा निरोप घेऊन जा; रडेल, पण आई-बाबा अचानक गायब होतात ही धास्ती बसणार नाही.

घड्याळ उलटंपालटं झालं असेल तर औषध एकच, उजेड. सकाळी ठरल्या वेळी उठवून उजेडात न्या, रात्री दिवे मंद. मध्यरात्री जागं झालं तर पाजा, बदला, पण गप्पा आणि खेळ नाहीत, अंधारातच सगळं उरका. दुपारची झोप संध्याकाळपर्यंत लांबू देऊ नका. तीन महिन्यांखालच्या बाळाचं दिवसरात्रीचं चक्र मुळात पक्कं झालेलंच नसतं, त्यामुळे त्याला फरक कमी जाणवतो. फरक तुम्हाला जाणवतो. म्हणून रात्री वाटून घ्या, अर्धी एकाने, अर्धी दुसऱ्याने, आणि हे वाटप तिथून निघण्याआधीच बोलून ठेवा. रात्री तीन वाजता वाटाघाटी नीट होत नाहीत.

या दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की कुठे गेला होतात आणि कधी परतलात. डेंग्यू डास चावल्यावर साधारण दोन आठवड्यांच्या आत दिसतो. मलेरिया किमान आठवड्याने आणि कधी कधी काही महिन्यांनीही डोकं वर काढतो, त्यामुळे त्या भागातून आला असाल तर दोन महिन्यांनंतरच्या तापातही हा उल्लेख करायचा. बाकी झोपेची आणि भुकेची घडी आठवड्या-दहा दिवसांत बसते. त्यानंतरही बाळ रात्रभर किरकिर करत असेल, कान ओढत असेल किंवा दूध अर्धवट टाकत असेल, तर ‘सुट्टीची सवय लागली’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांकडून कान तपासून आणि वजन करून घ्या.